भंगाराच्या काट्यावर चढण्याआधी : जुने संगणक स्वस्तात मिळवायचे कसे

काही वर्षांपूर्वी एका तंत्रनिकेतनातलं प्रयोगशाळेचं जुनं सामान विकायला निघाल्याचं मला गुरुवारी कळलं. मी सोमवारी पोचलो. आवारात टेम्पो भरून तयार होता. वरच्या गोणीतून पिवळट प्लास्टिकचा कोपरा दिसत होता आणि त्याच्या कडेला लाल-केशरी कळांची एक ओळ. बीबीसी मायक्रो, ऐंशीच्या दशकात शाळांत आलेला ब्रिटिश संगणक. नीट पाहिलं तर तो संगणक उरलाच नव्हता. प्लास्टिक एका गोणीत, बोर्ड दुसऱ्या गोणीत, आणि पॉवर सप्लायची पत्र्याची डबी फोडून आतलं तांबं काढून घेतलेलं. चाळीस वर्षांच्या आसपासचं यंत्र तीन प्रकारच्या भंगारात वाटलं गेलं होतं, आणि तेही फक्त चार दिवसांत.

त्या दिवशी जे कळलं ते तुम्हाला आधीच सांगतो. आपल्याकडे जुना संगणक संगणक म्हणून विकला जात नाही, किलोवर विकला जातो. कपाटातून निघाल्यापासून काट्यावर चढेपर्यंत मधे जे थोडे दिवस असतात, तेवढीच तुमची संधी. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या थोड्या दिवसांत योग्य जागी, योग्य कागद घेऊन उभं राहण्यासाठी आहेत.

१. काय शोधायचं ते आधी ठरवा

आपल्याला काय मिळेल हे आपल्या देशात तेव्हा काय विकलं जात होतं त्यावर ठरतं. परदेशातले व्हिडिओ पाहून आयबीएमचा १९८१ चा मूळ पीसी शोधत फिरू नका. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली होती आणि नव्वदीच्या सुरुवातीला टाटांसोबत परत आली. मधल्या काळात आपल्या कार्यालयांत बसले ते एचसीएल, विप्रो, झेनिथ अशा देशी कंपन्यांचे पीसी. त्यांच्याकडे संग्राहकांचं लक्ष कमी, म्हणून ते स्वस्त. आणि जपले जाण्याची गरज त्यांनाच जास्त आहे.

महाराष्ट्रात फिरताना या वस्तूंवर नजर ठेवा :

– ८०८५ मायक्रोप्रोसेसर किट. इंटेलची ८०८५ चिप १९७६ ची. तिच्यावरचे शिकवण्याचे किट राज्यातल्या जवळपास प्रत्येक तंत्रनिकेतनात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात होते. सहा आकडी लाल डिस्प्ले, सोळा आकड्यांचा कीपॅड, बहुतेक वेळा लाकडी किंवा प्लास्टिकच्या पेटीत. अभ्यासक्रम बदलला की एकदम दहा-वीस निघतात. नवख्याने सुरुवात इथूनच करावी. वस्तू लहान, वजन कमी, दुरुस्ती सोपी.

– बीबीसी मायक्रो. केंद्र सरकारच्या क्लास या शालेय संगणक साक्षरतेच्या प्रकल्पातून १९८४-८५ पासून शाळांमध्ये आले. ब्रिटिश यंत्र असल्यामुळे आपल्या २३० व्होल्टवर तसंच चालतं.

– झेडएक्स स्पेक्ट्रम हा ब्रिटिश घरगुती संगणक आणि त्याची भारतात परवान्याने निघालेली डीबी स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती, १९८६ ची. शाळांपेक्षा घरांच्या माळ्यावर जास्त सापडते.

– २८६, ३८६, ४८६ वर्गातले, म्हणजे त्या क्रमांकांच्या प्रोसेसरांवर चालणारे ऐंशी-नव्वदच्या दशकांतले पीसी. सहकारी बँका, पतसंस्था, सूतगिरण्या, साखर कारखान्यांचे हिशेब विभाग, कर सल्लागारांची कार्यालयं. कारखान्याच्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला जोडलेला एखादा पीसी इतरांपेक्षा दहा वर्षं जास्त टिकलेला असतो, कारण तिथे चालू असलेल्या यंत्राला कुणी हात लावत नाही.

– टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड. मेकॅनिकल कळांचा, आवाज करणारा, दणकट. बँकेच्या काउंटरवर ऐकलेला तो खटखट आवाज यातलाच. गोल पाच पिनी प्लगचा जुना नमुना मिळाला तर सोडू नका.

– सन आणि सिलिकॉन ग्राफिक्सची वर्कस्टेशन्स, ॲपलचे मॅकिंटॉश. ही मुंबई-पुण्यातल्या डिझाइन कार्यालयांतून, जाहिरात संस्थांतून, छापखान्यांतून निघतात.

आणि एक वस्तू मुद्दाम शेवटी ठेवली. जिस्ट कार्ड. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचं हे काम, मुळं आयआयटी कानपूरच्या संशोधनात. त्या काळच्या पीसींवर चालणाऱ्या डॉस या प्रणालीला देवनागरी अक्षरं येत नव्हती. हे कार्ड पीसीच्या खाचेत बसवलं की डीबेस किंवा वर्डस्टारसारख्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येसुद्धा पडद्यावर देवनागरी उमटायची. आज फोनवर मराठी टाइप करताना जो इनस्क्रिप्ट कळफलक निवडता येतो, तोही त्या काळातला. भंगारवाल्याला ते कार्ड म्हणजे आणखी एक हिरवा बोर्ड. मला विचाराल तर मराठी माणसाने जुन्या बाजारात शोधण्यासारखी याहून मोलाची वस्तू नाही. जुन्या डीटीपी केंद्रांत, वर्तमानपत्रांच्या जिल्हा कार्यालयांत आणि सरकारी भाषाविषयक कार्यालयांच्या लॉटमध्ये प्रत्येक पीसीचं झाकण उघडून बघा. कीबोर्डच्या कळांवर देवनागरी अक्षरं छापलेली दिसली तर आत कार्ड असण्याची शक्यता धरूनच चाला.

२. कुठे शोधायचं

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरतो. सकाळी लवकर जा. दुपारपर्यंत चांगलं सामान दुसऱ्या व्यापाऱ्यांनी उचललेलं असतं. मुंबईत चोर बाजार आहेच. मटण स्ट्रीटवरची बरीच दुकानं शुक्रवारी बंद असतात, त्यामुळे बाहेरगावहून येणाऱ्यांनी वार बघून निघावं. तिथल्या पुराण वस्तूंच्या दुकानदाराला किंमत कळते, म्हणून तिथे वस्तू मिळेल, पण फार स्वस्त मिळेल असं नाही.

स्वस्त मिळतं ते तालुक्याच्या गावी. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत एमएस-सीआयटीची केंद्रं गावोगावी उघडली. त्यातली कित्येक बंद झाली, मालक दुसऱ्या धंद्यात गेले, पण मागच्या खोलीत पंधरा-वीस यंत्रं कापडाखाली झाकून ठेवलेली असतात. आज ती फार जुनी वाटणार नाहीत. विंडोज ९८ चे खेळ आणि जुनी मराठी सॉफ्टवेअरं चालवायला मात्र तीच लागतात. अशा मालकांशी बोला. बहुतेकांना जागा मोकळी करून हवी असते.

डीटीपीवाल्यांकडे गेलात तर प्रिंटरच्या पोर्टवर लावलेली अंगठ्याएवढी डबी विचारून घ्या. ते हार्डवेअर लॉक. नव्वदच्या दशकातली बरीच मराठी फॉन्टची सॉफ्टवेअरं त्याशिवाय उघडत नाहीत. पीसी घरी आणला आणि लॉक तिथेच टेबलाच्या खणात राहिलं, तर त्या सॉफ्टवेअरच्या फ्लॉपींचा उपयोग शून्य.

३. केव्हा जायचं

वर्षातून तीनदा पाळत ठेवा. जानेवारी ते मार्च, कारण आर्थिक वर्ष संपण्याआधी कार्यालयांत साहित्याची पडताळणी होते. मे महिना, कारण सुट्टीत प्रयोगशाळा रिकाम्या करतात. आणि दिवाळीआधीचे तीन आठवडे, कारण तेव्हा घराघरांतले माळे साफ होतात आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर काय येईल सांगता येत नाही.

४. कार्यालयाची भाषा शिकून घ्या

बहुतेक नवखे अडकतात ते इथेच. महाविद्यालयात जाऊन "जुने कॉम्प्युटर विकता का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" असंच येणार. विचारायचं असं : "यंदा जडसंग्रहातलं काही निर्लेखित होणार आहे का?"

सरकारी आणि अनुदानित संस्थेत प्रत्येक टिकाऊ वस्तूची नोंद जडसंग्रह नोंदवहीत असते. बोलीभाषेत डेडस्टॉक रजिस्टर. पेटीवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला आकडा म्हणजे त्या वहीतला अनुक्रमांक. वस्तू बंद पडली, धूळ खात पडली, तरी वहीत आहे तोवर ती हलत नाही. आधी पडताळणी होते, मग निरुपयोगी वस्तूंची यादी, मग समिती, मग सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी. याला निर्लेखन म्हणतात. त्यानंतरच दरपत्रकं मागवतात किंवा जाहीर लिलाव ठेवतात. यात महिने जातात, कधी कधी वर्षं. आणि मंजुरी आली की सगळं झपाट्याने होतं, कारण खोली रिकामी करायची असते.

म्हणून ओळख करायची ती प्राचार्यांशी नंतर, भांडारपालाशी आधी. त्यांना भेटा, आपण काय करतो ते सांगा, शक्य असेल तर फोनमध्ये चालू स्थितीतल्या जुन्या यंत्राचा फोटो दाखवा. नंबर लिहून ठेवा. महिन्यातून एकदा फोन करा, जास्त नको. सूचना फलकावरचा कागद तुमच्या गावातून तुम्हाला दिसणार नाही. भांडारपालाचा एक फोन पुरतो.

दोन सापळे सांगतो.

पहिला, कुणी शिपाई किंवा सहायक म्हणाला की "वहीबिही राहू द्या, शंभर-दोनशे द्या आणि मागच्या दाराने घेऊन जा", तर हात जोडून निघून या. निर्लेखन झालेलं नाही ती वस्तू सरकारी मालमत्ता आहे. तुमच्यावर चोरीचा माल घेतल्याचा आरोप येईल आणि ज्याने दिली त्याची नोकरी जाईल.

दुसरा, लॉट एकत्र असतो. यादीत "संगणक २५ नग, खुर्च्या ४०, पंखे १२" असं एकच पुडकं असतं आणि सगळ्याची मिळून एकच बोली. चाळीस मोडक्या खुर्च्या तुम्हाला नको असतात. अशा वेळी लिलावाला येणाऱ्या भंगार व्यापाऱ्याशी आधीच ठरवून टाका. बोली त्याने लावायची, आणि तुम्हाला हव्या त्या चार वस्तू त्याच्याकडून तुम्ही ठरलेल्या भावाने घ्यायच्या, मोडतोड न करता. मी आतापर्यंत आणलेल्या निम्म्याहून जास्त वस्तू अशाच आल्या आहेत. फक्त एक पाळा : तुम्ही स्वतः बोली लावणार असाल, तर इतर बोलीदारांशी भाव पाडण्याचं संगनमत करू नका. लिलाव रद्द होतो आणि पुढच्या वेळी दारात उभं करत नाहीत.

५. ई-लिलावाचं आकर्षण आवरा

एमएसटीसी या सरकारी लिलाव कंपनीच्या संकेतस्थळावर आणि सरकारच्या जेम पोर्टलवर निरुपयोगी साहित्याचे लिलाव सतत चालू असतात. यादी वाचून हात शिवशिवतात. पण बोली लावण्याआधी अटी शेवटपर्यंत वाचा.

ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठ्या प्रमाणावर विद्युत उपकरणं वापरणाऱ्या संस्थांना आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादकांकडे, पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे किंवा नूतनीकरण करणाऱ्यांकडेच द्यावा लागतो. त्यामुळे संगणकांच्या बहुतेक लॉटवर अट असते की बोलीदाराकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंदणी हवी. ती तुमच्याकडे नाही. लिलावात भाग घेण्यासाठी शुल्क आणि अनामत भरली, बोलीही लागली, आणि मग कागद कमी म्हणून सगळं अडकलं, असं होऊ शकतं. शिवाय बोलीच्या रकमेवर जीएसटी आणि टीसीएस (विक्रेत्याने जागेवरच वसूल करायचा आयकर) वेगळा, उचल करायला मुदत ठरलेली, आणि मुदत चुकली की दिवसागणिक दंड.

तुमच्यासाठी सरळ रस्ता म्हणजे हे लॉट घेणारे नोंदणीकृत नूतनीकरण करणारे व्यावसायिक शोधणं. त्यांच्याकडून पावती घेऊन सुटं यंत्र विकत घ्यायला कसलीच अडचण नाही. त्यांना अलीकडचे लॅपटॉप विकण्यात रस असतो, पंचवीस वर्षांपूर्वीचं त्यांच्याही डोक्यावरचं ओझं.

६. कागद आणि हत्यारं

महाविद्यालय किंवा लहान संस्थेच्या लिलावासाठी सोबत ठेवा :

– आधार आणि पॅन कार्ड, दोन्हींच्या दोन-दोन स्वाक्षरी केलेल्या छायाप्रती
– अनामत रकमेचा डिमांड ड्राफ्ट, किंवा सूचनेत म्हटलं असेल तर रोख
– निविदा असेल तर सीलबंद लखोटा, वर लॉटचा क्रमांक लिहिलेला
– रद्द केलेला एक धनादेश, अनामत परत मिळवण्यासाठी
– जीएसटी क्रमांक मागितला असेल तर तो. नसेल तर आधीच विचारा, चालतं का ते

परत येताना तुमच्याकडे दोन कागद असलेच पाहिजेत : पैसे भरल्याची पावती आणि गेटपास, दोन्हींवर वस्तूंचे क्रमांक. रात्री नाक्यावर टेम्पो अडवला तर दहा जुन्या संगणकांचं स्पष्टीकरण तोंडी देता येत नाही.

पिशवीत : चपटा आणि फुली असे दोन स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, टॉर्च, जाड हातमोजे, मास्क, रंगाचा ब्रश, चिकटपट्टी आणि मार्कर, सुतळी, चार गोणपाटं किंवा जुन्या चादरी, आणि एक छोटी कटर. हातमोजे विसरू नका. भांडारखोल्यांत उंदीर असतातच, आणि पावसाळ्यात लेप्टोची भीती खरी आहे.

७. जागेवर काय तपासायचं

वीज लावून दाखवा असं तिथे कुणी म्हणालं तरी लावू नका. दहा-वीस वर्षं बंद असलेलं यंत्र थेट विजेवर लावणं म्हणजे चालण्यासारखं असेल ते जाळणं. तिथे फक्त डोळे, नाक आणि मल्टिमीटर वापरा.

झाकण उघडा. २८६ ते ४८६ च्या बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ एक लहानसा पिंपासारखा सेल असतो, बहुधा निळा, ३.६ व्होल्टचा. निकेल-कॅडमियमचा. तो फुटतो, आणि आतलं अल्कलीयुक्त द्रावण बोर्डवर पसरतं. पहिल्यांदा सेलच्या टोकाशी पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. मग जवळची सोल्डरिंगची टिंबं चमक सोडून राखाडी होतात. मग हिरवा थर चढतो, आणि तांब्याच्या बारीक रेषा खालून खाल्ल्या जातात. नखाने हळूच खरवडून बघा. पूड फक्त सेलभोवती बोटभर जागेत असेल, तर यंत्र घ्या, वाचेल. हिरवेपणा कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत आणि विस्ताराच्या खाचांपर्यंत गेला असेल, तर बोर्ड गेला असं समजून फक्त पेटी, ड्राइव्ह आणि कार्डांचा भाव लावा. घेतलंत तर पावती हातात आल्या आल्या तो सेल तिथेच कटरने कापून टाका. घरी जाऊन कापू म्हटलं की राहून जातं.

पेंटियम थ्री आणि फोरच्या काळातल्या बोर्डांवर कपॅसिटरांची, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या उभ्या डब्यांची, डोकी पाहा. सपाट असावीत. फुगलेली किंवा तपकिरी ओघळ आलेली असतील तर बदलावी लागतील. काम अवघड नाही, पण भाव पाडायला कारण आहे.

बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये पारदर्शक पिवळसर आवरणाचे कपॅसिटर असतात. त्यावर केसासारखे तडे दिसतातच दिसतात. चालू केल्यावर काही मिनिटांत ते फुटू शकतात आणि खोलीभर उग्र धूर होतो. बाकी यंत्राला सहसा काही होत नाही. आधी बदला, मग लावा.

पीसीच्या मागे, वायरच्या सॉकेटजवळ लाल रंगाचा छोटा खटका असतो, ११५ आणि २३० लिहिलेला. अमेरिकेतून आलेल्या यंत्रांवर तो ११५ वर असू शकतो. आपल्या विजेवर तसाच लावला की स्फोटासारखा आवाज होऊन सप्लाय जातो. यंत्र हातात आल्यावर पहिली नजर तिथे.

स्पेक्ट्रमच्या अडॅप्टरचंही असंच. ९ व्होल्ट, पण मधली टोचणी ऋण आणि बाहेरची कडी धन. हल्लीचे बहुतेक अडॅप्टर याच्या उलटे. दुकानदार "बसतोय की" म्हणून जो हातात देईल तो मल्टिमीटरने तपासल्याशिवाय लावू नका.

मॉनिटर : जुन्या पीसीच्या कार्डांना नऊ पिनी सॉकेट असायचं. पण हर्क्युलिस आणि सीजीए ही दोन वेगळ्या जातीची कार्डं, सॉकेट मात्र एकसारखं. एकाचा मॉनिटर दुसऱ्याला लावला तर मॉनिटर जळू शकतो. आपल्या कार्यालयांत हिरव्या किंवा पिवळ्या अक्षरांचे हर्क्युलिसच जास्त होते. ज्या यंत्राला जो मॉनिटर जोडलेला दिसेल तोच उचला आणि दोघांवर एकच क्रमांक लिहा. पिक्चर ट्यूबचं मागचं झाकण उघडू नका. बंद असतानाही आत हजारो व्होल्ट टिकून असू शकतात, आणि यात शिकाऊपणाला जागा नाही.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते मात्र यंत्रात नसलेल्या वस्तूंचं. कीबोर्ड, वायरी, फ्लॉपींचे डबे, स्पायरल बांधणीची माहितीपुस्तकं. खोली रिकामी करताना यंत्रं एका कोपऱ्यात जातात, कागद रद्दीत. पेटी उचलण्याआधी शेजारचं लोखंडी कपाट उघडायला सांगा. पुस्तकाला वाळवी लागली असेल तरी घ्या. प्रत्येक पानाचा फोटो काढता येतो.

८. भाव

भंगारवाल्याच्या डोक्यात वस्तूची किंमत नसते, वजनाची असते. बोर्डाचा किलोचा भाव वेगळा, तांब्याचा वेगळा, पत्र्याचा वेगळा. सिरॅमिकच्या जुन्या प्रोसेसरचा सोन्यापायी आणखी वेगळा, म्हणून ते आधी काढले जातात. आल्या आल्या "हा कॉम्प्युटर केवढ्याला?" विचारू नका. "आज बोर्डाला काय भाव चाललाय?" असं विचारा. मग अंदाजे वजन धरून हिशेब करा आणि त्याला किलोला जेवढे मिळाले असते त्याच्या दीडपट द्या, न फोडण्याच्या अटीवर. त्याचे फोडण्याचे कष्ट वाचतात, तुमचं यंत्र वाचतं.

"अँटिक आहे साहेब" हे शब्द कानावर पडले की घाई करू नका. एकदा घरी जाऊन या.

९. नेताना

हार्ड डिस्क २० किंवा ४० मेगाबाइटच्या काळातली असेल तर ती धक्क्याने मरते. पेटी आडवी, खाली गोणपाट, वर काही नाही. मॉनिटरची काच गादीकडे किंवा सीटच्या पाठीकडे. एसटीच्या टपावर काहीही टाकू नका, जास्त पैसे गेले तरी रिक्षा किंवा छोटा टेम्पो करा. फ्लॉपी प्लास्टिकच्या डब्यात आणि उन्हाबाहेर.

१०. घरी आल्यावर

दोन दिवस कोरड्या जागी उघडं ठेवा. ब्रशने धूळ काढा. सेलची पूड असेल तर कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावा, फेस थांबेपर्यंत, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज लॅम्पमधून. आपल्याकडचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे वर्षानुवर्षं हेच करत आलेत. फेजच्या वायरीत शंभर वॅटचा तारेचा बल्ब जोडलेला बोर्ड. एलईडी बल्ब चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर सप्लाय बहुधा ठीक. भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच काढा. प्लग काढल्यावरही सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब राहिलेला असू शकतो, आत हात घालण्याआधी मीटरने बघून घ्या. मीटर धरायची सवय नसेल तर गल्लीतल्या टीव्ही मेकॅनिकला सोबत बसवा. असे जुने हात अजून आहेत आणि त्यांना हे काम मनापासून आवडतं. सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात.

फ्लॉपी चालवून बघण्याआधी फटीतून टॉर्च मारा. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेने चकतीवर बुरशीचे गोल डाग धरतात. तशी फ्लॉपी एकदा फिरली की ड्राइव्हचं हेड घाण होतं आणि पुढच्या दहा चांगल्या फ्लॉपी खरवडून टाकतं.

हार्ड डिस्क चालली तर विद्यार्थ्यांचे गुण, पतसंस्थेचे खातेदार, पगारपत्रकं दिसतील. ते तुमचं नाही. सॉफ्टवेअर जपून ठेवा, लोकांची माहिती न वाचता पुसून टाका.

८०८५ किट घेतला असेल तर त्याची परीक्षा सगळ्यांत सोपी. बरेचसे किट फक्त ५ व्होल्टवर चालतात, लेबल वाचून खात्री करा. ज्या किटची रॅम २००० या पत्त्यापासून सुरू होते त्यावर २००० पासून एकेक करून हे आकडे भरा :

९७ ०६ ०५ ८० ०६ ०३ ८० ३२ ५० २० ७६

पहिला आकडा संचायक, म्हणजे प्रोसेसरमधली बेरीज जमा होणारी जागा, रिकामा करतो. ०६ ०५ ८० म्हणजे ५ ही संख्या घे आणि मिळव, ०६ ०३ ८० म्हणजे ३ ही संख्या घे आणि मिळव. ३२ ५० २० म्हणजे उत्तर २०५० या पत्त्यावर ठेव. पत्ता उलटा लिहिला जातो, आधी ५० मग २०, गोंधळू नका. ७६ म्हणजे थांब. चालवा, रीसेट दाबा, २०५० वर जा. डिस्प्लेच्या उजव्या दोन घरांत ०८ दिसलं तर प्रोसेसर, रॅम, कीपॅड, डिस्प्ले, सगळं जिवंत आहे.

११. परत जा

ज्या भांडारपालांनी फोन केला होता, ज्या भंगारवाल्याने न फोडता दिलं होतं, त्यांना चालू यंत्राचा फोटो दाखवायला जा. मी एका भंगाराच्या वखारीत असाच किट घेऊन गेलो होतो. मालकांनी डिस्प्लेवरचे लाल आकडे बराच वेळ पाहिले, मग कामावरच्या मुलाला हाक मारून मागच्या पत्र्याच्या शेडमधली एक गोणी आणायला सांगितली. तिच्यात टीव्हीएसचे दोन कीबोर्ड होते आणि त्यांच्याखाली कळांवर देवनागरी अक्षरं छापलेला तिसरा. "असलं काही आलं तर आता बाजूला ठेवत जाऊ का?" त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून त्यांचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो, काट्यावर चढवण्याआधी.